सत्कारात गेलेला उत्तरार्ध

मला शाल नको होती. नारळ नको होता. चकचकीत कागदात गुंडाळलेलं ते गुलाबाचं फूल तर मुळीच नको होतं. मला फक्त आणखी वीस मिनिटं हवी होती, आणि ती नसरापुरात मला कोणी दिली नाहीत. त्या वीस मिनिटांपायी उत्रोलीच्या सगुणाबाई शिवतरे सात महिने सरकारदरबारी अधांतरी लटकल्या. म्हणजे सगुणाबाई होत्या, त्याबद्दल सरकारची तक्रार नव्हती. पण त्या भिमा होत्या की नाही, हा प्रश्न होता. आणि त्या भिमा नसतील, तर मेलेल्या बापाच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागणार नव्हतं. कोणी कोणाला शाल पांघरताना दिसलं, की आजही माझ्या कानशिलाची शीर उडते.

सगुणाबाई दर बुधवारी भोरला आमच्या दारी भाजी घेऊन यायच्या. पाटी उतरवायच्या, उंबऱ्याला टेकायच्या आणि पाण्याचा तांब्या संपेपर्यंत ओव्या म्हणायच्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवतो. पण शब्द हळुवार कसा उचलावा आणि कुठे ठेवावा, हे मला त्या उंबऱ्यानं शिकवलं. त्यांच्या ओव्यांच्या चौदा कॅसेटी मी भरल्या होत्या. आणि त्यातल्या निम्म्याअधिक ओव्यांत एकच नाव, धाकट्या भावाचं:

रखमाजी बंधू माझा, ओढ्याकाठी उभा राहतो
माझ्या गाडीच्या धुळीला, दुरून हात लावतो

आता हाच रखमाजी, बाप गेल्यावर, सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लावायला निघाला होता. त्याला वाटही सोपी सापडली. सगुणाबाईंचं माहेरचं नाव भिमा, भिमा ज्ञानू रेणुसे. सासरी आल्या तर सासूचं नावही भिमाच. एका चुलीपुढे दोन भिमा कशा चालतील, म्हणून हळद उतरायच्या आत यांची सगुणा झाली. शाळेचा दाखला नाही, कारण पोरीला शाळा नाही. लग्नाची नोंद नाही, कारण त्या काळी लग्नं गाव बघायचं, कागद नाही. तेव्हा 'भिमा आणि सगुणाबाई या एकच' असं प्रतिज्ञापत्र त्यांनी करून कचेरीत दिलं होतं आणि कोणी हरकत घेतली नाही तर नाव लागणार होतं. कचेरी कोणती ते मी सांगणार नाही. मला अजून या दोन तालुक्यांतच राहायचं आहे.

आणि नेमक्या त्याच सुमारास मला व्याख्यानाची बुद्धी सुचली.

कारण झाली ती टीव्हीवरची हिंदी मालिका. सन दोन हजार तीनमध्ये भोरात केबल नसलेलं घर दाखवा आणि मी माझी पदवी परत करतो. त्या मालिकेतल्या देविका नावाच्या सुनेची गाडी दरीत कोसळली, डॉक्टरांनी तिचा चेहरा बदलला, आणि दुसऱ्याच नटीने येऊन तिच्या नवऱ्याला चहा दिला. बुधवारचा दुपारचा पुनःप्रक्षेपणाचा भाग होता. सगुणाबाई उंबऱ्यातून ओरडल्या, "आकिलाबाय, ही कोन?"

"देविका," माझी बायको अकिला म्हणाली.

"ही देविका? ह्याट्!"

"अहो, ऑपरेशन झालंय तिच्या तोंडावर."

"तोंडावर झालं आसंल. लेकरू उचलायची रीत कशापायी बदलली? पयली कडंवर घ्यायची. ही भोपळा धरल्यावानी धरती."

"पण सगुणाबाई, लग्नात तुमचं नाव बदललं, घर बदललं. मग तुम्ही त्याच की दुसऱ्या?"

"माजं नाव बदललं, बाय. कड न्हाई बदलली."

मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. माणूस बदलत जातो तरी तोच कसा राहतो, यावर जगातल्या थोर डोक्यांनी दोन हजार वर्षं शाई आटवली, आणि इकडे माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता तोच वाद चालला होता! माझा वर्ग मात्र रिकामा. पोरं म्हणतात, तत्त्वज्ञानाचा आपल्याशी संबंध काय. मी ठरवलं, यांना संबंध दाखवतोच. आमच्या घरातला टेपरेकॉर्डरच घ्या. त्याची मोटार बदलली, हेड बदललं, स्पीकर बदलला. फक्त झाकण मूळचं, तरी अकिला त्याला 'लग्नातला टेप' म्हणते. नसरापूरच्या स्टँडवर सीटमागे पैसे घेणाऱ्या प्रत्येक वडापच्या रिक्षातून जुनी गाणी नव्या धडधडाटासकट ऐकू येतात. ते गाणं जुनंच की नवं? विषय सगळीकडे सांडलेला होता. कोणीतरी भरायला हवा होता.

माझी चूक एवढीच, की मी हे शेजारच्या कुंडलिकरावांना सांगितलं. कुंडलिकराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले; कोणाचंही काहीही ऐकलं की त्याला वेळ आणि फलाट देतात.

"सर, भोरात नको. भोरात सगळेच तत्त्वज्ञ, ऐकणार कोण? नसरापूरला माझे साडू व्याख्यानमाला चालवतात. एक वक्ता ऐनवेळी रद्द झालाय. त्या जागेवर तुम्हाला सोडतो."

सोडतो! जणू मी जादा गाडी होतो.

मग गल्लीतल्या प्रत्येकाने सल्ला दिला. एकाने सांगितलं, तत्त्वज्ञान हा शब्द उच्चारूच नका. दुसऱ्याने सांगितलं, मध्ये दोन विनोद टाका, नाहीतर लोक शेवटच्या एसटीच्या आधीच्या एसटीला जातात. कोणी म्हणालं, टीव्हीच घेऊन जा, दाखवा लोकांना जुनी देविका, नवी देविका. म्हणून टीव्ही आणि सीडी प्लेअर टेम्पोत घालून नेला. चेलाडी फाट्याच्या अलीकडे टेम्पोनं गचका खाल्ला, आणि त्यानंतर दोन्ही देविका हिरव्या दिसू लागल्या. अशा परिस्थितीत त्या एकच नाहीत हे सिद्ध करणं किती कठीण गेलं असेल, याची कल्पना कोणी करत नाही.

पण मी सिद्ध केलं. मी पूर्वार्धात शंका लावायची आणि उत्तरार्धात ती सोडवायची, अशी मांडणी केली होती. कोणताही शहाणा वक्ता अशीच करतो. नाव बदललं, घर बदललं, चेहरा बदलला, आवाज बदलला. मग उरलं काय? आठवणी? त्या तर ऐकूनही पाठ होतात. आणि मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "नाव बदललेली बाई ही तीच बाई आहे, हे जगातलं कोणतंही न्यायालय सिद्ध करू शकत नाही!"

टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळच्या एकमेव टाळ्या. मी पाण्याचा घोट घेतला आणि तोंड उघडलं, "परंतु..."

एवढ्यात कुंडलिकरावांनी माझ्या हातातून माईक घेतला. "सरांच्या या ओजस्वी विचारांनंतर आपण सत्काराकडे वळू."

"माझं अजून अर्धं राहिलंय," मी दबल्या आवाजात म्हणालो.

"सर, सात वाजता लाईट जाते. भाषण काय, अंधारातही होतं. सत्कार अंधारात कसा दिसणार?"

आणि मग सत्कार झाले. अध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा, खुर्च्या देणाऱ्याचा, कर्णा देणाऱ्याचा, सभागृहाचं कुलूप उघडणाऱ्याचा. चित्रीकरणाला आलेल्या शाकिरचाही झाला. शाकिर लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याने कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि शाल घ्यायला गेला, तेवढा वेळ कॅमेऱ्याने छताच्या पंख्याचं चित्रण केलं. नारळ अकरा आणलेले होते आणि सत्कारमूर्ती दहाच भरले. नारळ उरवणं अशुभ. तेव्हा शेवटच्या रांगेत एसटीची वाट बघत टेकलेल्या एका पांढऱ्या सदऱ्यातल्या गृहस्थांना कुंडलिकरावांनी 'ज्येष्ठ श्रोते' म्हणून वर बोलावलं. ज्येष्ठ श्रोत्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि माझ्या 'परंतु'वर पाय देऊन खाली उतरले. लाईट गेली. लोक गेले. दोन हिरव्या देविका घेऊन मी टेम्पोत बसलो.

प्रत्येक सत्कारमूर्तीला कार्यक्रमाची सीडी घरपोच मिळाली. मला सोडून. मी वक्ता होतो, सत्कारमूर्ती नव्हतो.

महिन्याभराने सगुणाबाईंच्या हाती कचेरीचा कागद आला. 'हरकतदार श्री. रखमाजी ज्ञानू रेणुसे यांचे म्हणणे की, भिमा ही त्यांची बहीण लहानपणीच घर सोडून गेली असून तिचा ठावठिकाणा नाही. अर्जदार बाई ही ती नव्हे. सोबत पुरावा : प्राध्यापक अमीर तांबोळी यांचे व्याख्यान, सीडी एक.'

अकरावा नारळ रखमाजीकडे गेला होता.

इथे एक गोष्ट नोंदवतो. बारा वर्षांच्या नोकरीत मला कोणी प्राध्यापक म्हटलेलं नाही. पहिल्यांदा म्हटलं ते रखमाजीने, आणि तेही एका बाईचं माहेर पुसायला.

मी कुंडलिकरावांवर धावून गेलो. ते झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. "तुम्हाला अजून वीस मिनिटं दिली असती, तर सीडी दोन झाल्या असत्या सर. खर्च वाढला असता. आणि काय हो, एवढी भाषणं होतात, कोणाच्या कामी येतात? तुमचं आलं. आनंद माना."

घरी अकिला म्हणाली, "माझं नाव रेशनकार्डावर लावायला तुम्हाला दोन वर्षं सवड झाली नाही. सगुणाबाईंचं मात्र एका संध्याकाळी उडवून आलात."

दोन बुधवार सगुणाबाई आल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी आल्या त्या पाटीशिवाय. उंबऱ्यालाही टेकल्या नाहीत. अंगणात उभ्या राहिल्या.

"सर, तुमी मला वळखता?"

"असं काय विचारता, सगुणाबाई?"

"वळखता का न्हाई, येवढं सांगा."

"ओळखतो."

"मंग तितं जाऊन त्याच तोंडानं सांगा. ज्या तोंडानं म्या न्हाई म्हणून सांगितलंत."

मी गेलो. एकदा नाही, पाच वेळा गेलो. पहिल्यांदा मोठे साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा निवडणुकीच्या याद्या चालू होत्या. तिसऱ्यांदा मी चौदाच्या चौदा कॅसेटी पिशवीत घालून नेल्या. म्हटलं, बघा, पंधरा वर्षं ही बाई या भावाचं नाव गातेय. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी एक कॅसेट उलटसुलट केली आणि विचारलं, "याची साक्षांकित प्रत आहे का?" चौथ्यांदा साक्षीदार आणा म्हणाले, म्हणून मी सगुणाबाईंच्या माहेरी गेलो, मिळतात का बघायला. सगळ्यांनी चहा पाजला. सगळ्यांना भिमा आठवत होती. कोणी म्हणालं, लई चपळ व्हती. कोणी म्हणालं, गळा लई गोड. आणि कागद काढला की प्रत्येक जण एकच बोलायचा, "गुरुजी, भावाभैनीच्या मधी आमी न्हाई पडत." साठ उंबऱ्यांच्या गावात ती सगळ्यांच्या आठवणीत होती, आणि एकाच्याही सहीत नव्हती. येताना घाटात मी ड्रायव्हरशी भांडलो. त्याचा काही अपराध नव्हता. कोणाशी तरी भांडायला हवं होतं.

पाचवी खेप सुनावणीची.

सुनावणी नव्या साहेबांपुढे होती. साहेब म्हणजे मॅडम, नायब तहसीलदार, मुद्द्याच्या बाहेर पाऊल न टाकणाऱ्या. रखमाजी पांढराशुभ्र सदरा घालून बाकावर. सगुणाबाई दुसऱ्या टोकाला. मधे चार माणसं मावतील एवढी जागा, आणि त्या जागेत मी. सात महिन्यांत त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं नव्हतं.

"हे पुराव्यातलं व्याख्यान लावा," मॅडम म्हणाल्या.

कचेरीत नुकताच संगणक आला होता. भाऊसाहेबांनी सीडी घातली. पडद्यावर पहिल्यांदा सनईसकट 'शुभविवाह' अशी अक्षरं उमटली. शाकिरला ती काढायची सवड झाली नव्हती. मग एक लाल बदाम फिरत फिरत आला, तो मधोमध फुटला आणि त्यातून मी निघालो. मी मूठ आपटली. माझ्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. 'कोणतंही न्यायालय सिद्ध करू शकत नाही!' असं मी सरकारी कचेरीत सरकारी विजेवर गर्जलो, आणि शाली-नारळांनंतर पंखा सुरू झाला. तीन मिनिटं नुसता पंखा. आयुष्यात एवढा राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

"हे तुमचंच मत ना?" मॅडमनी विचारलं.

"अर्धं मत. उत्तरार्ध राहिला, मॅडम. सत्कार सुरू झाले."

"मग उत्तरार्ध आता सांगा. ही बाई तीच आहे, हे कशावरून ठरवायचं?"

मी उभा राहिलो. किती महिने मी त्या वीस मिनिटांची वाट पाहत होतो! "त्याचं असं आहे, की मुळात ओळख ही वस्तूत असते की नात्यात, हा पहिला प्रश्न. आता वस्तू म्हटली की..."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजता लोडशेडिंग आहे, सर. दोन ओळींत सांगता येईल का?"

"दोन ओळींत? मॅडम, हा दोन हजार वर्षांचा..."

"दोन वळीच लागत्यात न्हवं?" माझ्या मागून आवाज आला. "म्या सांगते."

सगुणाबाई उठल्या. पदर खोचला. हात टेबलाच्या कडेवर असा धरला, जसा जात्याच्या खुंट्यावर धरतात. आणि रखमाजीकडे न बघता, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत, त्यांनी गळा लावला:

रखमाजी बंधू माझा, कोकराला भ्याला भ्याड
वाघ आला म्हणुनिया, लपे माझ्या परकराआड

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दाराशी आली. मी त्यांच्या कित्येक ओव्या भरल्या होत्या, ही कुठल्याच कॅसेटीत नव्हती. ही आत्ता जन्मत होती.

"मॅडम, ह्ये काय चाललंय?" रखमाजी म्हणाला. "वव्या कुनीबी गातं. माज्या नावाचं गावात चारजण हायेत."

सगुणाबाईंनी सूर थोडा चढवला.

रखमाजी बंधू माझा, शाळा चुकवितो रोज
चिंचेखाली निजे बाई, माझ्या डोई त्याचं ओझं

दारातलं कोणीतरी फिस्सकन हसलं. रखमाजीचा कान लाल झाला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा कान एवढा लाल होऊ शकतो, हे मी प्रथमच पाहिलं. "तिला बसवा की खाली," तो भाऊसाहेबांना म्हणाला. भाऊसाहेब काही हलले नाहीत. त्यांना पुढची ऐकायची होती.

रखमाजी बंधू माझा, खाचरात सोडी बैल
बैल तरवा खाऊन गेला, पाठ माझी झाली सैल

"खोटं!" रखमाजी ताडकन उठला. "आक्के, खोटं गाऊ नगंस! बैल म्या न्हाई सोडला! तू सोडला व्हतास! म्या चिंचंवर व्हतो, म्या सोता बगितला तुला दावं काढताना!"

"मंग बाला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं! बानं ऐकलं का? तुज्या पाठीत दोन बसल्या, माज्या पाठीत सात! आन् तू चुलीम्होरं बसून भाकर खात व्हतीस!"

"आर्धी तुला दिली व्हती."

"करपल्याली आर्धी!"

वर पंखा गरगरत होता, सीडीतल्यासारखाच.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रखमाजीराव, तुम्ही चिंचेवरून कोणाला पाहिलंत?"

रखमाजीने सगुणाबाईंकडे पाहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"बैल म्याच सोडला व्हता," सगुणाबाई मॅडमना म्हणाल्या. "त्यो खरं बोलतूय."

मॅडमनी लिहायला घेतलं. मी उभाच होतो, 'आता वस्तू म्हटली की' या वाक्याच्या मधोमध. मला बसा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही. माझा उत्तरार्ध मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं चिंचेचं झाड, बैल, करपलेली भाकरी, यातलं काहीच माझ्या टिपणांत नव्हतं. राग याचाही आहे.

भाऊसाहेबांनी जबाब सरळ केला. "बाई, सही कोणत्या नावानं करणार? भिमा की सगुणा?"

"आंगठा लावते," सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी निळ्या शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर असा दाबून ठेवला, की भाऊसाहेबांना कागद ओढून घ्यावा लागला. मग त्या अंगठा पुसायला काहीतरी शोधू लागल्या. मी खिशातून रुमाल काढला. त्यांनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला, बाकाच्या दुसऱ्या टोकाशी चालत गेल्या, आणि रखमाजीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, बरोबर छातीपाशी, तो सावकाश पुसला.

रखमाजी हलला नाही. शाई पुरती निघेपर्यंत उभा राहिला.